तीन किलो आणि १/१२५ सेकंद : वेम्बलीतला हातातला कॅमेरा

१२० क्रमांकाची रोल फिल्म कोडॅकने १९०१ मध्ये बाजारात आणली आणि ती आजही विकत मिळते. या फिल्मवर छप्पन्न मिलिमीटर रुंदीचे चित्र घेणारे कॅमेरे मीडियम फॉरमॅट म्हणून ओळखले जातात. चित्र कोणी चौरस घेतो, कोणी आडवे, आणि वजनही त्याप्रमाणे बदलते. रोलिफ्लेक्स २.८एफ सव्वा किलोच्या घरात, हॅसलब्लाड ५००सी/एम लेन्ससह साधारण दीड किलो, तर पेंटॅक्स ६×७ आणि मामिया आरबी६७ दोन किलोंच्या बरेच पुढे. लंडनच्या वायव्येला असलेल्या वेम्बलीत असे जड कॅमेरे हातात धरून काम करण्याच्या दोन जागा होत्या : फुटबॉलचे मैदान आणि लग्नाचा मांडव.

मैदान आधीचे. २८ एप्रिल १९२३ रोजी बोल्टन आणि वेस्ट हॅम यांच्या एफए कप अंतिम सामन्याने वेम्बली स्टेडियम सुरू झाले. अधिकृत आकडा १,२६,०४७ प्रेक्षकांचा; प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त लोक आत घुसले आणि पोलिसाच्या घोड्याने मैदान मोकळे केले. त्या काळचे वृत्तछायाचित्रकार काचेच्या प्लेटचे अवजड कॅमेरे वापरत. रोलिफ्लेक्स १९२९ मध्ये आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो अनेक बातमीदार छायाचित्रकारांच्या गळ्यात दिसू लागला. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला दिल्लीत स्पीड ग्राफिक कॅमेऱ्याच्या जोडीला हाच कॅमेरा वापरत.

खेळाच्या दृष्टीने रोलिफ्लेक्समध्ये एक खोड आहे. पोटाशी धरून वरून पाहायच्या काचेवर चित्र उलट दिसते : डावीकडे धावणारा खेळाडू काचेवर उजवीकडे धावतो. १२ ऑगस्ट १९४८ रोजी याच मैदानावर भारताने ब्रिटनला ४-० हरवून ऑलिंपिक हॉकीचे सुवर्ण जिंकले. तसल्या वेगवान खेळात काचेकडे पाहत कॅमेरा फिरवणाऱ्याचा हात हमखास चुकीच्या बाजूला जाणार. म्हणून रोलिफ्लेक्सच्या झाकणात डोळ्याला लावून थेट पाहायची चौकट दिलेली असते. गर्दीत मात्र तीच काच उपयोगी पडते. कॅमेरा उलटा करून डोक्यावर धरला की खालून काचेत पाहता येते आणि पुढच्या माणसाची टोपी आडवी येत नाही.

वजन वाईटच असते, हा समज अर्धाच खरा. जड वस्तू बोटाच्या झटक्याने सहजासहजी हलत नाही, त्यामुळे शटर दाबतानाचा धक्का जड कॅमेऱ्यात कमी जाणवतो. पण तेच वजन काही मिनिटे पेलले की दंड थरथरू लागतो. जे मिळवले ते तिथे जाते. एसएलआर कॅमेऱ्यात आरशाचा धक्का वेगळाच. पेंटॅक्स ६×७ चा आरसा इतका मोठा की त्याचा आवाज शेजारच्याला दचकवतो. तरी हातात तो धक्का तळव्यांमध्ये बराचसा जिरतो. हलक्या ट्रायपॉडवर उलट जास्त त्रास देतो.

फोटो हलू नये म्हणून शटरचा वेग लेन्सच्या फोकल लांबीइतका तरी ठेवावा, असा रूढ नियम आहे : ८० मिलिमीटरला १/१२५. ६×७ वरची १०५ची लेन्स ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यावरच्या ५०च्या लेन्सइतकेच दृश्य दाखवते. हात तेवढाच हलला तर मोठ्या निगेटिव्हवर पुसटपणा दुप्पट येतो, पण त्याच आकाराच्या प्रिंटसाठी ते निम्मेच मोठे करावे लागते. हिशेब बरोबरीत सुटतो. अडते उजेडापाशी. तेवढीच खोली स्पष्ट हवी तर ५०च्या लेन्सवरच्या एफ/२ ऐवजी इथे एफ/४ लावावे लागते, म्हणजे प्रकाश चौपट हवा. शिवाय मोठे निगेटिव्ह घेणारा बारकाव्यासाठीच ते घेतो, त्यामुळे जरासा हललेला फोटोही त्याला खपत नाही.

हा प्रकाश लग्नात फ्लॅशमधून येई. १९६०च्या दशकाच्या अखेरीस केनियातून आणि १९७२ मध्ये युगांडातून आलेल्या भारतीय कुटुंबांमुळे वेम्बलीतल्या ईलिंग रोडचा परिसर साड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांनी भरला. मराठी मंडळींची संख्या त्या मानाने कमी. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू मात्र वेम्बली ज्यात येते त्या ब्रेंट बरोतच, डॉलिस हिलला आहे. ही कुटुंबे आली त्या दशकांत ब्रिटनमधले व्यावसायिक छायाचित्रकार लग्नासाठी बहुधा हॅसलब्लाड, मामिया नाहीतर ब्रोनिका वापरत. १९७६ मध्ये आलेल्या ब्रोनिका ईटीआर मालिकेत १२०च्या रोलवर १५ फोटो येतात. उजव्या हाताला मूठ, वर प्रिझम, डाव्या बाजूच्या पट्टीवर दांड्यात बॅटऱ्या भरलेला मेट्झचा फ्लॅश. सगळे मिळून तीन किलोंच्या आसपास, आणि विधी काही तासांचे.

ब्रोनिका ईटीआर आणि हॅसलब्लाड ५००सी/एमचे शटर लेन्समध्येच असते, त्यामुळे १/५०० पर्यंत कोणत्याही वेगावर फ्लॅश जुळतो. पेंटॅक्स ६×७ ला नेहमीच्या लेन्सवर ती मर्यादा १/३०. दारातल्या उन्हात वधूच्या चेहऱ्यावरची सावली उजळायला हा वेग कुचकामी. पण ब्रोनिकाचीही अडचण आहेच. शटर दाबल्यावर आरसा वरच राहतो आणि फिल्म पुढे सरकवेपर्यंत प्रिझममध्ये अंधार. अंतरपाट दूर झाला त्या क्षणी नवरीने डोळे मिटले का, हे छायाचित्रकाराला कळतच नाही. पंधरावा फोटो झाला की आधीच फिल्म भरून ठेवलेली दुसरी बॅक चढवायची. तिच्यातला फिल्म झाकणारा पत्रा काढायचा राहिला तर शटर दबत नाही, आणि मुहूर्त कोणासाठी थांबत नाही. मदतनीस असतो तो मुख्यतः बॅका भरायला. घरगुती रोल डाकेने मागवून धुऊन देणारी ग्रनविक कंपनी याच बरोत होती.  लग्नाचे रोल मात्र व्यावसायिक लॅबमध्ये जात.

धरण्याची रीत कॅमेऱ्यागणिक बदलते. रोलिफ्लेक्सचा पट्टा मानेवर ताणून कॅमेरा खाली ओढला की तो स्थिर राहतो. हॅसलब्लाडचे वजन डाव्या तळव्यावर घेऊन कोपरे बरगड्यांना टेकवतात. पेंटॅक्सला डावीकडे लाकडी मूठ जोडता येते. शटर अर्धा श्वास सोडून दाबायचे, हे सगळ्यांना लागू. वाहून नेताना अरुंद पट्टा मानेला काचतो. रुंद पट्टा तिरका छातीवरून घेतला किंवा दोन्ही खांद्यांची पिशवी वापरली तर दिवस निभावतो. आरबी६७ पिशवीत ठेवण्यापूर्वी बेलोज (लेन्समागचा भाता) पूर्ण आत घ्यावा लागतो, नाहीतर लेन्सचा सगळा भार पुढे आलेल्या पट्ट्यांवर पडतो. या कॅमेऱ्याने फ्लॅशशिवाय १/६०च्या खाली हातात काम करणारे थोडेच. बाकीचे खांबाला टेकतात, मोनोपॉड लावतात, आणि १/१५ आला की मुकाट ट्रायपॉड उघडतात.