साहेब आत गेले आहेत

मुंबईत काळबादेवीच्या जुन्या हनुमान गल्लीत ९ मे २०१५ रोजी, शनिवारी संध्याकाळी, गोकुळ निवास नावाच्या इमारतीला आग लागली. इमारत जुनी, आत लाकूडकाम भरपूर आणि गल्ली अशी की समोरासमोर दोन हातगाड्या आल्या तरी वाद व्हावा. रहिवाशांना बाहेर काढण्यात आलं. पण आग विझवता विझवता इमारतीचा भाग कोसळला आणि आत असलेले अधिकारी त्यात सापडले. सहायक विभागीय अग्निशमन अधिकारी संजय राणे आणि केंद्र अधिकारी महेंद्र देसाई तिथेच गेले. उपमुख्य अग्निशमन अधिकारी सुधीर अमीन आणि खुद्द मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर गंभीर भाजले. आधी अमीन गेले. ऐरोलीच्या बर्न्स सेंटरमध्ये दोन आठवडे झुंज देऊन २४ मे रोजी नेसरीकरही गेले.

सरकारी खात्यात दुर्घटना झाली की मृतांची यादी बहुधा खालून सुरू होते. शिपाई, मजूर, कंत्राटी कामगार. साहेबांचं नाव शोकसंदेशाखाली येतं. काळबादेवीच्या यादीत मात्र चारही नावं अधिकाऱ्यांची होती आणि त्यात दलाचे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. पोलीस आयुक्त आणि सहआयुक्त एकाच चकमकीत पडावेत, अशीच ही गोष्ट. आपल्याकडे तिच्याबद्दल हळहळ झाली, फलक लागले. पण मुख्य अधिकारी मुळात आत का होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

त्याचं उत्तर दलाच्या रचनेतच आहे. मुंबई अग्निशमन दलात आगीची खबर येते तिला ‘वर्दी’ म्हणतात. वर्दी आली की जवळच्या केंद्रातून गाड्या सुटतात. आग आवाक्याबाहेर दिसली की तिथला अधिकारी वायरलेसवरून तिचा दर्जा वाढवतो. पहिल्या क्रमांकाची आग, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्रमांकाची, आणि सगळ्यांवर ‘ब्रिगेड कॉल’. दर्जा वाढला की गाड्या वाढतात आणि येणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दाही वाढतो. केंद्र अधिकाऱ्याच्या जागी विभागीय अधिकारी, मग उपमुख्य, मग मुख्य. इतर खात्यांत संकट जितकं मोठं, तितका मोठा साहेब विश्रामगृहात बैठक घेतो. इथे संकट मोठं झालं की साहेबाला बूट चढवून धुरात यावं लागतं.

येऊन तो काय करतो? पाण्याचा पाइप त्याच्या हातात नसतो. तो इमारत वाचतो. धूर पांढुरका आहे की काळा आणि दाट, तो संथ निघतोय की दाबाने फेकला जातोय, तुळई कुठे वाकली, जिना लाकडी की दगडी, वरच्या मजल्यावर गोदामाचं वजन किती. आणि हे सगळं पाहून एकच निर्णय घ्यायचा असतो. माणसं आत ठेवायची की बाहेर बोलवायची. रुंद रस्त्यावरच्या काचेच्या टॉवरमध्ये हे बाहेरून थोडंफार कळतं. काळबादेवीच्या वाड्यात आत गेल्याशिवाय काही कळत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. निर्णय घेणारी चार माणसं एकाच वेळी एकाच इमारतीत असतील, तर बाहेरून ‘परत या’ कोण म्हणणार? दलाचा प्रमुखच आगीत जाणं मुंबईच्या आधी लंडनने अनुभवलं होतं. आधुनिक अग्निशमनाचा पाया घालणारे जेम्स ब्रेडवुड १८२४ मध्ये एडिंबरोच्या दलाचे प्रमुख झाले आणि पुढे लंडनला आले. १८६१ च्या जूनमध्ये टूली स्ट्रीटच्या गोदामांना आग लागली. थकलेल्या जवानांची विचारपूस करत ते फिरत होते, तेव्हा भिंत अंगावर येऊन ते गेले. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी ३४३ अग्निशामक गेले. त्यांत दलाचे प्रमुख पीटर गँची होते आणि प्रथम उपायुक्त विल्यम फीहानही. म्हणजे जगभर या खात्याच्या सर्वोच्च खुर्चीला आगीचा चटका बसतच आला आहे. माझं मत विचाराल तर नेसरीकर आत गेले यात वेडं धाडस नव्हतं, ते त्यांच्या हुद्द्याचं काम होतं. पण ते काम निर्णय घेणाऱ्या सगळ्यांवर एकाच वेळी एकाच इमारतीत येऊ नये, याची सोय रचनेत असायला हवी.

निर्णय कोणीच घेतला नाही तर काय होतं, त्याचा धडाही मुंबईतच आहे. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, सोन्याच्या विटा होत्या आणि त्याच पोटात हजारो गाठी कापूस होता. दुपारी कापसाने पेट घेतला. आपल्या बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही जिनिंगवाल्याला विचारा, कापसाची गाठ पेटली की काय होतं ते तो सांगेल. दाबून बांधलेली गाठ आतल्या आत धुमसते. वरून कितीही पाणी मारा, बाहेरचा थर भिजतो आणि आतला विस्तव तसाच राहतो. ती ओढून मोकळ्यावर आणून फोडावी लागते. जहाजाच्या पोटात ते शक्य नव्हतं. जवान पाणी ओतत राहिले.

मुंबई दलाचे तेव्हाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स धक्क्यावर होते. जहाजाचे कप्तान होते, गोदीचे अधिकारी होते, लष्कराचे स्फोटक-तज्ज्ञ होते. जहाज बुडवून टाका, हा सल्ला तज्ज्ञाने दिला होता. बुडवायचं की ओढून समुद्रात न्यायचं की विझवायचं, हे एका तोंडाने सांगणारा माणूस मात्र त्या गर्दीत नव्हता. प्रत्येकाचा अधिकार आपापल्या कुंपणापर्यंत. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. या स्फोटांचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. सरकारी आकडा सुमारे ८०० मृतांचा. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. कूम्ब्स वाचले. १४ एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन झाला तो यामुळे. आपल्या मराठवाड्यात त्या दिवशी बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुका असतात, त्या गर्दीत हा दिन कुणाच्या लक्षातही येत नाही.

दलाचा जन्म त्याच्याही बराच आधीचा. पूर्वी मुंबईत आग विझवणं पोलिसांचं जोडकाम होतं. १ एप्रिल १८८७ रोजी स्वतंत्र दल उभं राहिलं, १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने ती पालिकेची जबाबदारी ठरली आणि १८९० मध्ये लंडन फायर ब्रिगेडमधले डब्ल्यू. निकोल्स प्रमुख म्हणून आले. बंब घोडे ओढत. मोटारीवरचा पहिला बंब १९०७ चा. पहिले भारतीय प्रमुख एम. जी. प्रधान १९४८ मध्ये खुर्चीवर बसले.

त्या खुर्चीपर्यंत पोचायची वाट लांब आहे. अग्निशामक, प्रमुख अग्निशामक, दुय्यम अधिकारी, केंद्र अधिकारी, सहायक विभागीय, विभागीय, उपमुख्य आणि मग मुख्य. बाहेरून कोणी सनदी अधिकारी येऊन थेट मुख्य अग्निशमन अधिकारी होत नाही, आणि या खात्याचा मान त्यामुळेच टिकलाय. वरच्या हुद्द्यांचं प्रशिक्षण नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात होतं. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालेलं हे महाविद्यालय पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. तिथल्या पदवीला २००२ मध्ये नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर दाखल झाल्या, तोवर त्या आवारात मुलगी शिकलीच नव्हती.

आतापर्यंत धुराचं झालं. पण मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याचा खरा अधिकार धुरात नसतो, तो टेबलावर असतो. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा कायदा डिसेंबर २००८ पासून लागू आहे. उंच इमारत असो, रुग्णालय, मॉल किंवा चित्रपटगृह, अग्निशमन दलाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. शिवाय बसवलेली यंत्रणा चालू आहे, असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. त्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात. नियम पाळले नाहीत तर नोटीस, आणि धोका तसाच असेल तर वीज-पाणी तोडण्यापर्यंतची, जागा रिकामी करून सील ठोकण्यापर्यंतची ताकद कायद्याने या अधिकाऱ्याला दिली आहे. तहसीलदाराला हेवा वाटावा इतकी.

ती वापरली किती जाते, ते बातम्या सांगतात. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या गच्चीवरची उपाहारगृहं जळाली, १४ जण गेले. पुढच्या तपासात दलाच्याच एका अधिकाऱ्याला अटक झाली. त्यानंतर मुंबईत प्रभागांच्या पातळीवर तपासणीसाठी वेगळे कक्ष आले. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, भाऊबीजेच्या दिवशी, आमच्या शेजारच्या नगरला जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण दगावले. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याला नवजात बाळं गेली होती, एप्रिलमध्ये विरारला कोविडचे रुग्ण. प्रत्येक वेळी ‘फायर ऑडिट’ हा शब्द आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी असतो. आगीत उडी मारणाऱ्या अधिकाऱ्याला पदक मिळतं. आमदारांच्या मेहुण्याचा हॉल सील करणाऱ्या अधिकाऱ्याला काय मिळतं, ते मी लिहायची गरज नाही.

आता आमच्याकडे येऊ. महानगरपालिकेचं शहर सोडून नगरपरिषदेच्या गावात आलं की मुख्य अग्निशमन अधिकारी ही खुर्ची विरळ होत जाते. नगरपरिषदेत सगळ्यांवर मुख्याधिकारी. नळाचं पाणी, कचरा, अतिक्रमण, घरपट्टी आणि अग्निशमन, सगळ्याच फायली त्यांच्याच टेबलावर. नगरपरिषदांसाठी राज्यस्तरीय अग्निशमन सेवेचा संवर्ग आता आहे, पण गाडीचा ड्रायव्हर, दोन-चार फायरमन आणि वरती बदलीच्या वाटेवरचे मुख्याधिकारी, हे चित्र मराठवाड्यात कुणालाही ओळखीचं वाटेल. आणि वर्दी कसल्या? उन्हाळ्यात कडब्याची गंजी, शेतातला पेटलेला ऊस, जिनिंगमध्ये कापूस. ३० ऑक्टोबर २०२३ ला वेगळाच प्रकार घडला. आरक्षणाच्या आंदोलनात बीड आणि माजलगावात नेत्यांची घरं, कार्यालयं, माजलगावची नगरपरिषद एकाच दिवशी पेटली आणि बीडला संचारबंदी लागली. एकाच वेळी चार ठिकाणी आग आणि रस्त्यावर जमाव, अशा वेळी गाडी आधी कुठे पाठवायची? हा प्रश्न मुंबईच्या ‘ब्रिगेड कॉल’हून सोपा नाही.

गावात तर त्याहून अवघड. ग्रामपंचायतीकडे स्वतःचं अग्निशमन दल सहसा नसतं. १०१ किंवा ११२ फिरवायचा, जवळच्या नगरपरिषदेची गाडी निघायची. मांजरसुंब्याजवळचं कपिलधार हे असंच ठिकाण. बालाघाटच्या डोंगरात दरी, धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी. ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या या शिवाचार्यांच्या दर्शनाला कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास मराठवाड्यातून, कर्नाटकातून दिंड्या येतात. लक्ष्मीपूजनानंतर साधारण पंधरा दिवसांनी.

अशा यात्रेत पेटण्यासारखं किती असतं ते मोजून बघा. कापडी मांडव, त्यावरून लटकणाऱ्या तात्पुरत्या वायरी, महाप्रसादाच्या चुली, हॉटेलांच्या पाठीमागे उभे केलेले गॅस सिलिंडर, खेळण्यांची प्लास्टिकची दुकानं. सगळं एकमेकांना खेटून, कारण दरीत जागाच तेवढी. धबधबा आहे म्हणजे पाणी आहे, असं कुणाला वाटेल. नेहमीच्या गाडीच्या टाकीत साधारण ४,५०० लिटर पाणी मावतं आणि पंप पूर्ण जोरात चालला तर मिनिटाला सव्वादोन हजार लिटर फेकतो. म्हणजे दोन मिनिटांत टाकी कोरडी. हात राखून मारलं तर आणखी काही मिनिटं. मग कुंडातलं पाणी उचलायला वेगळा सुटा पंप लागतो, तो आधीच कुंडाजवळ नेऊन, सक्शन पाइप पाण्यात सोडून, एकदा चालवून ठेवावा लागतो. गर्दी भरल्यावर हे करता येत नाही.

हे ठरवायला ब्रिगेड कॉलएवढा ताफा लागत नाही, हुद्द्याचा एक माणूस लागतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे अशा माणसाला बोलावण्याचा अधिकार कुणाकडे आहे हा प्रश्नच नाही. फटाक्यांच्या तात्पुरत्या दुकानांना नियम आहे, दोन दुकानांत तीन मीटर अंतर, वस्तीपासून पन्नास मीटर, आणि दिवाळीच्या आधी शहराच्या मैदानावर तो पाळला गेलाय का हे निदान कोणीतरी बघायला जातं. यात्रेतल्या भजीवाल्याच्या कढईला आणि शेजारच्या मांडवाला असं अंतर ठरवून देणारा, ‘दादा, सिलिंडर दोनच ठेवा, बाकीचे तिकडे झाडाखाली न्या’ असं सांगणारा आणि न ऐकल्यास दुकान उठवणारा अग्निशमन अधिकारी नियोजनाच्या बैठकीत पुढच्या रांगेत बसलेला हवा. पोलीस पार्किंग आखतात, महावितरण मीटर देतं, आरोग्य खातं टँकरमध्ये क्लोरीन टाकतं. मांडव ठोकायच्या आधी या अधिकाऱ्याला दरीतून एकदा चालत न्यावं आणि गाडी आत यायला, वळायला आणि बाहेर पडायला किती फूट वाट मोकळी लागते, ते त्यानेच चुना टाकून आखून द्यावं.