जंताच्या पोटातला रस

ओढ्याकाठी, दलदलीत चरणारी म्हैस कधी कधी उगाच रोडावते. दूध आटते. जबड्याखाली पाण्याची सूज येते. आपल्याला वाटते, चारा कमी पडला. पण चोर बसलेला असतो तिच्या काळजात, म्हणजे यकृतात.

हा चोर म्हणजे एक चपटा जंत. दिसतो झाडाच्या पानासारखा, म्हणून त्याला पर्णकृमी म्हणतात. पाण्यातल्या गोगलगाईच्या अंगात त्याची पिले वाढतात. तिथून ती गवताला चिकटतात आणि गवताबरोबर जनावराच्या पोटात जातात. आपल्या म्हशींतला जंत लांबट असतो. थंड देशांतल्या गाई-मेंढ्यांत त्याचा धाकटा भाऊ सापडतो.

आता गंमत ऐका. या जंताला तोंड आहे, पण शौचाची वाट नाही! रक्त प्यायचे, पचवायचे आणि उरलेले तोंडानेच ओकायचे. त्या ओकारीत त्याचा पाचक रस येतो. हा रस मांस विरघळवतो. रोगाशी लढणारे रक्तातले पहारेकरीसुद्धा तो तोडतो.

आयर्लंड देशातल्या शास्त्रज्ञांनी ही खोड हेरली. कत्तलखान्यात मिळालेल्या यकृतांतून त्यांनी जिवंत जंत काढले. ते धुऊन, अंगाइतक्या कोमट पोषक पाण्यात काही तास ठेवले. जंत त्यात ओकले. ते पाणी बारीक दाण्यांनी भरलेल्या नळीतून सोडले. हे काम चाळणीच्या उलट चालते बरं का! लहान कण दाण्यांच्या छिद्रांत रेंगाळतात, मोठे आधी बाहेर पडतात. असा एकेक रस वेगळा होतो. त्यातला मुख्य रस १९९३ साली शुद्ध मिळाला. त्याचे नाव कॅथेप्सिन एल.

एवढा खटाटोप कशाला? त्या रसाचीच लस करता येईल का, हे पाहायला. १९९६ साली गुरांना ती टोचून पाहिली, तेव्हा निम्म्याहून जास्त जंत कमी झाले. तरी लस अजून बाजारात आलेली नाही. औषधाला न दबणारे जंत काही देशांत वाढले आहेत, म्हणून तिची वाट पाहणे चालू आहे.

दुसरा उपयोग मात्र झाला. जंताची अंडी शेणात दिसायला अडीच-तीन महिने लागतात. तोवर यकृत पोखरलेले असते. पण जंताचा रस शेणात आधीच उतरतो. तो ओळखणारी तपासणी निघाली आहे. चिमूटभर शेण घेतात, आणि रस असला तर तपासणीच्या पाण्याचा रंग पालटतो.