पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटर नव्हे

कोरीवकाम शिकणारे बरेच जण मला विचारतात, "सर, हातातल्या राउटरची बिट्स घरात पडून आहेत. आता छोटं सीएनसी मशीन घेतलं. तीच बिट्स त्याला चालतील का?" चालतील, पण आधी मोजा.

फौजेत आम्हाला पहिल्यांदा हेच शिकवलं. इन्सासची गोळी ५.५६ मिलिमीटरची, जुन्या एसएलआरची ७.६२. जिची गोळी तिलाच. निवृत्तीनंतर इंदूरला घरी देव्हारा कोरायला बसलो आणि नेमका हाच धडा विसरलो.

माझ्या मशीनचं कोलेट, म्हणजे बिटची दांडी पकडणारी चिमटी, पाव इंचाचं होतं. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. हातातलं बिट होतं ६ मिलिमीटरचं. फरक फक्त ०.३५, डोळ्याला दिसतही नाही. दांडीला पितळेचा पातळ पत्रा गुंडाळला, नट आवळला आणि मशीन चालू केलं. काही सेकंदांत बिट निसटून दाराच्या चौकटीत रुतलं. नात रोज त्याच दारात उभी राहून काम बघायची. त्या दिवशी ती शाळेत होती, एवढंच.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे.

पहिलं, व्हर्नियर कॅलिपरने दांडी मोजा. बाजारात ३.१७५, ६, ६.३५, ८, १२ आणि १२.७ मिलिमीटरच्या दांड्या मिळतात. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका.

दुसरं, बिट बदलू नका, कोलेट बदला. छोट्या मशीनवर बहुधा ईआर-११ जातीचं कोलेट असतं. त्यात ७ मिलिमीटरपर्यंतची दांडी बसते. ६ आणि ६.३५ साठी वेगवेगळी कोलेट्स घ्या. १२ मिलिमीटरचं बिट त्या मशीनसाठी नाहीच. दांडी घासून बारीक करू नका, तोल जातो.

तिसरं, मोठ्या राउटरमध्ये बारीक बिट लावायचं असेल, तर तयार मिळणारी चिरलेली पोलादी बाही वापरा, उदाहरणार्थ १२.७ वरून ६.३५. पत्रा, टेप, कागद कधीच नाही.

चौथं, ईआर कोलेट आधी नटमध्ये 'टक्' करून बसवा, मग नट स्पिंडलवर चढवा. दांडी तळाला टेकवू नका, दोन-तीन मिलिमीटर वर ठेवा. आत भुसा राहिला तर पकड ढिली पडते.

पाचवं, वेग. २४,००० फेऱ्यांवर ६ मिलिमीटरच्या बिटची धार सेकंदाला साडेसात मीटर धावते, ५० मिलिमीटरच्या बिटची जवळपास त्रेसष्ट. म्हणून रुंद बिटला वेग कमी, आणि बिटवर लिहिलेली मर्यादा ओलांडायची नाही.

शेवटचं, थ्री-फेज स्पिंडल नवीन जोडला असेल तर बिट न लावता फिरवून बघा. वरून पाहिल्यावर तो घड्याळाच्या दिशेने फिरला पाहिजे. उलटा फिरला तर वीज बंद करून कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा.

चष्मा डोळ्यांवर, मुलं खोलीबाहेर, मगच बटण. चौकटीतलं ते भोक मी अजून बुजवलेलं नाही. मशीन चालू करण्याआधी एकदा तिकडे बघतो.

जय हिंद.