शेवटच्या पानाच्या तळाशी

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी, जिथे वाचकाची नजर सहसा पोचत नाही, तिथे बारीक खिळ्यांत एक ओळ छापलेली असते: हे पत्र अमुक मालकांकरिता अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले, संपादक अमुक. मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे पत्रावर छापण्याचे बंधन १८६७ च्या कायद्याने घातले, आणि छापलेल्या शब्दाची जबाबदारी कोणाची हे सरकारदरबारी निश्चित असावे, हा त्यामागील हेतू होता. १९८१ साली मुंबईतील एका मराठी दैनिकाच्या कचेरीत उपसंपादक म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा एका वडीलधाऱ्या मुद्रितशोधकांनी मला पहिल्याच दिवशी ही ओळ दाखवून, पान सोडण्यापूर्वी ती डोळ्यांखालून घालण्याचा शिरस्ता सांगितला; तेव्हापासून कोणतेही जुने नियतकालिक हाती आले की मी प्रथम ती ओळ पाहते आणि तिच्यात एखाद्या स्त्रीचे नाव आहे काय हे शोधते.

मराठी नियतकालिकांत स्त्रीचे नाव मजकुराखाली फार लवकर आले, ही गोष्ट प्रथम नमूद केली पाहिजे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा, मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला, आणि त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याचे निमित्त करून ‘पुणेवैभव’ पत्राने समस्त स्त्रीजातीवर जी चिखलफेक केली तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. परंतु मुक्ताबाईंचे दुसरे लेखन आज उपलब्ध नाही आणि ताराबाईंचेही दुसरे पुस्तक निघाले नाही. बोलण्याची शक्ती होती, बोलण्याला निमित्तही होते; वारंवार बोलता येईल असे स्थान मात्र त्यांना कोणी दिले नाही, आणि कारकीर्द म्हणजे तरी असे स्थान नव्हे तर दुसरे काय?

ते स्थान मिळविणारी पहिली मराठी स्त्री म्हणजे तानूबाई बिर्जे. सत्यशोधक चळवळीतील देवराव ठोसर यांची ही कन्या, फुल्यांच्याच शाळेत शिकलेली. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत नावारूपाला आणलेले ‘दीनबंधु’ हे पत्र, १८९७ साली लोखंडे यांच्या निधनानंतर तानूबाईंचे पती वासुदेवराव बिर्जे यांनी चालविण्यास घेतले होते; वासुदेवरावही अकाली गेले, तेव्हा पत्र बंद करून माहेरी किंवा सासरी आश्रय घेण्याचा जो मार्ग त्या काळच्या विधवेला मोकळा होता तो नाकारून तानूबाईंनी संपादकपद स्वतःकडे घेतले आणि १९१२ पर्यंत ते सांभाळले. बहुजन समाजाचे शिक्षण हा ज्या पत्राच्या आस्थेचा विषय, त्या पत्राचे अग्रलेख एक स्त्री लिहीत होती, आणि ते गृहिणींसाठी काढलेले पत्र नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या घटनेचे मोल कळते. १९१३ साली त्यांचे निधन झाले. पुढे कित्येक दशके मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचितच घेतले गेले, आणि माझ्या पिढीतील आम्ही मुली तर ते ऐकल्यावाचूनच या व्यवसायात आलो. याचे मला आजही दुःख होते, कारण आपल्या आधी कोणी होते हे ठाऊक असलेली व्यक्ती निराळ्या पावलांनी कचेरीत शिरते.

मृत्यूने उघडलेल्या या दारातून तानूबाई आल्या. त्यानंतरच्या स्त्रियांसाठी दार उघडले ते स्त्रियांच्या वाचनाने. १९३० च्या ऑगस्टमध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक सुरू केले आणि मध्यमवर्गीय मराठी घरांत, दुपारची निरवानिरव झाल्यावर, ते वाचले जाऊ लागले. लिहिणाऱ्या स्त्रिया या मासिकाने शेकड्यांनी घडविल्या असतील. परंतु लेखिका होणे आणि पत्रकार होणे यांत जे अंतर आहे ते या काळात फार थोड्या स्त्रियांनी ओलांडले. शांता शेळके यांचे उदाहरण मला नेहमी आठवते. एम. ए. झालेली ही तरुणी आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’ साप्ताहिकात पाच वर्षे संपादकीय विभागात होती. मागणी येईल तसा, वेळेत, शब्दमर्यादेत मजकूर सिद्ध करण्याची जी तालीम त्यांना तिथे मिळाली तिचा उपयोग पुढे त्यांच्या गीतलेखनालाही झाला असला पाहिजे, असे मला वाटते. त्यानंतर त्या नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात अध्यापनास गेल्या. त्या पिढीतील सुशिक्षित स्त्रीला प्राध्यापकी ही नियमित पगाराची, दिवसाउजेडी संपणारी आणि घरच्यांना मान्य होणारी नोकरी होती. वर्तमानपत्राची नोकरी यांपैकी काहीच नव्हती.

त्याच सुमारास नवसारीत जन्मलेली आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेली होमाई व्यारावाला खांद्यावर कॅमेरा घेऊन हिंडत होती, परंतु तिची आरंभीची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. १९४१ साली लीला चिटणीस या पदवीधर मराठी अभिनेत्रीचा चेहरा लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकला. ती जाहिरात करणारी पहिली भारतीय तारका म्हणून तिचे नाव राहिले. छायाचित्र टिपणारीचे नाव झाकले जावे आणि छायाचित्रात दिसणारीचे देशभर व्हावे, हा त्या दशकाचा न्याय होता. आकाशवाणीने पुढे बराच हात दिला. मुंबई केंद्रावरील ‘वनिता मंडळा’ची धुरा लीलावती भागवतांनी वाहिली, आणि दुपारच्या त्या आवाजाने अनेक घरांना सोबत केली. घराबाहेर पडून लिहिणाऱ्याही होत्या: गीता साने यांनी चंबळच्या खोऱ्यात जाऊन तेथील दरोडेखोरीवर ‘चंबळची दस्युभूमी’ हे पुस्तक लिहिले. ते मी आजही नव्या बातमीदारांना वाचायला सांगते.

आता माझ्या काळाकडे येते. ऐंशीच्या दशकारंभी मराठी दैनिकांनी स्त्रियांना नोकऱ्या दिल्या त्यामागे स्त्रीमुक्तीचे वारे होते, हे खरे. १९७५ चे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होऊन गेले होते, महागाईविरोधात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी काढलेले लाटणे मोर्चे लोकांच्या स्मरणात होते, पुण्याहून ‘बायजा’ हे स्त्रियांचे नियतकालिक निघू लागले होते. परंतु कचेरीच्या जमाखर्चात निराळे कारण होते. साड्या, मसाले, प्रेशर कुकर यांच्या जाहिराती गृहिणीच्या नजरेला पडाव्यात म्हणून आठवड्याची महिला पुरवणी काढावी, तिची पाने जाहिरात विभागाने भरावी आणि उरलेल्या जागेत मजकूर लावण्यास एखादी मुलगी नेमावी, असा तो व्यवहार होता. माझी नेमणूक अशीच झाली. रात्रपाळीस स्त्रिया नकोत असा अलिखित दंडक होता, आणि पहिले पान रात्रपाळीत लागत असल्यामुळे, जिला रात्रपाळी नाही तिला पहिले पान नाही, आणि जिने पहिले पान लावलेले नाही तिला मुख्य उपसंपादकाची बढती नाही, अशी ती साखळी होती. मी रात्रपाळी मागितली तेव्हा घरी सोडण्यास गाडी नाही, हे उत्तर मिळाले. त्या इमारतीत स्त्रियांसाठी शौचालय नव्हते आणि शेजारच्या इमारतीतील शौचालयाची किल्ली शिपायाकडे मागावी लागे, हेही लिहून ठेवते, कारण पुढील संशोधकास ते कोणत्याही हजेरीपटात सापडणार नाही.

१९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आमचे बातमीदार संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या सभांना जात, मंत्रालयात जात. त्यांच्या बातम्या उत्तम असत. मी त्या उन्हाळ्यात, सुटीच्या दिवशी, लालबागच्या एका चाळीत एका खाणावळवालीकडे गेले. दहा बाय बाराच्या खोलीत तिच्याकडे एकोणीस कामगार जेवायला होते, बहुतेक साताऱ्याकडचे आणि कोकणातले. शेगडीच्या बाजूला खुंटीला दोऱ्याने बांधलेली एक वही टांगलेली होती. तीत प्रत्येकाचे नाव, त्याच्या गावाचे नाव, आणि जानेवारीपासून पुढे प्रत्येक महिन्याच्या रकान्यात एक रिकामे वर्तुळ. पैसे मिळाले की वर्तुळात ती रेघ मारीत असे. मी पाहिलेल्या पानावर एकही रेघ नव्हती. गाववाल्यांना ताटावरून उठवता येत नाही, असे तिने मला सांगितले, आणि दोन पाटल्या गेल्या आहेत हे हात पुढे करून दाखविले.

मी तिच्यावर सातशे शब्द लिहिले. आमच्या मुख्य उपसंपादकांनी ते मन लावून वाचले, चांगले आहे म्हणाले, आणि पुरवणीकडे पाठविले. ते बुधवारी निम्मे होऊन, कैरीच्या पन्ह्याच्या कृतीशेजारी छापून आले. वर ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ एवढेच होते. आपल्या भाषेत ‘गेले’, ‘गेलो’ म्हणताच माणूस बाई की बुवा हे उघड होते, आणि म्हणूनच की काय, त्या काळच्या बातमीत ‘मी’ला मज्जाव होता; ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ या दोन शब्दांच्या आड कितीजणी उभ्या होत्या हे आता कोणालाच मोजता येणार नाही. संप मोडल्यावर त्या बाईच्या वहीचे काय झाले मला समजले नाही. तिच्या वहीत एकोणीसही जणांची नावे होती, हे मात्र मी विसरले नाही.

स्त्रियांसाठी पत्रकारितेचे दार बाहेरून ढकलून उघडणाऱ्यांत मी विद्या बाळ यांचे नाव प्रथम घेईन. पुणे आकाशवाणीवर थोडा काळ काम करून त्या १९६४ साली ‘स्त्री’ मासिकात साहाय्यक संपादक म्हणून आल्या आणि १९८३ साली संपादक झाल्या. त्यास एकोणीस वर्षे लागली. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेच्या संशयास्पद मृत्यूने महाराष्ट्र हादरला तेव्हा विद्याताईंनी ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन उभे केले, नारी समता मंचाच्या कामात स्वतःला झोकून दिले, आणि मासिकाच्या संपादकाचे काम टेबलापाशी संपत नाही हे कृतीने दाखविले. ‘स्त्री’तून बाहेर पडल्यावर, १९८९ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. ज्या वयात नोकरदार माणूस निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडू लागतो त्या वयात त्यांनी वर्गणीदारांची यादी मांडली. २०२० च्या जानेवारीत त्या गेल्या. मासिक गीताली वि. मं. यांनी पुढे चालविले. स्त्रीच्या हातून स्त्रीच्या हाती संपादकपद गेले, आणि त्यासाठी कोणाच्या पतीचे निधन व्हावे लागले नाही.

दूरदर्शनने चेहरा आणि नाव एकत्र आणले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि स्मिता पाटील, भक्ती बर्वे यांना लोक बातम्या देणाऱ्या म्हणून ओळखू लागले. जीन्सवरच साडी गुंडाळून स्मिता बातम्या वाचायला बसे, ही आठवण अनेकांनी सांगितली आहे. पुढे २००७ च्या सुमारास मराठी वृत्तवाहिन्या निघाल्या आणि पावसात, पुरात, मोर्चात ध्वनिक्षेपक घेऊन उभ्या असलेल्या मुली घराघरांत दिसू लागल्या. वृत्तपत्रांतही बदल झाला. नीला उपाध्ये यांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये काम सुरू केले तेव्हा मराठी दैनिकात स्त्री पत्रकार विरळा होती, राही भिडे यांनी राजकीय वार्तांकनाच्या मार्गाने ‘पुण्यनगरी’चे संपादकपद गाठले. जाहिरात आणि विपणन विभागांत तर आज मुलींची संख्या डोळ्यांत भरते, आणि त्या महिला पुरवणीच्या जाहिराती मिळवीत नसून संपूर्ण पत्राचे उत्पन्न सांभाळीत आहेत, हा मला मोठा पालट वाटतो.

तरी समाधान मानून बसावे अशी स्थिती नाही. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईत शक्ती मिलच्या आवारात, कामावर असलेल्या एका तरुण छायापत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. त्या मुलीने तक्रार दिली, साक्ष दिली, आणि आरोपींना शिक्षा झाली. तिच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. त्या काळात मुलींना बाहेरच्या कामावर पाठवू नये असे सुचविणारे लोक मला भेटले, आणि तीस वर्षांपूर्वी रात्रपाळी नाकारणाऱ्यांची भाषा तीच होती हे मी त्यांना सांगितले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा त्याच वर्षी झाला, प्रसूतीची रजा २०१७ साली बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली; परंतु ज्या मुलीचा करार वर्षावर्षाने वाढतो ती सव्वीस आठवडे रजेवर गेल्यावर करार वाढेल काय, याची धास्ती तिच्या मनातून गेलेली नाही. तिशीपस्तिशीत पत्रकारिता सोडून जनसंपर्काच्या नोकरीत गेलेल्या किती तरी गुणी मुली मी पाहिल्या. त्यांना दोष देणे मला जमत नाही. त्यांना थांबविता आले नाही, हा आम्हा वडीलधाऱ्यांचा दोष आहे.

शेवटी वाचकांना एक विनंती. आपल्या घरी आजीच्या, आत्याच्या, मावशीच्या ट्रंकेत जुन्या मासिकांचे अंक, पुरवण्यांची कात्रणे, मानधनाच्या मनीऑर्डरींच्या पावत्या, आकाशवाणीची करारपत्रे असतील, तर ती रद्दीत घालू नका. त्या लेखनावर नाव छापलेले नसेल, तर ते कोणी लिहिले हे घरातील माणसे हयात आहेत तोवर कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहा, तारीख घाला, आणि जवळच्या ग्रंथसंग्रहालयात नेऊन द्या.