कचेरीच्या पायरीवरचे स्वातंत्र्य

पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी आमच्या पालघर तालुक्यात आणखी एक दिवस पाळला जातो. १४ ऑगस्टला पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी गावोगावची माणसे जमतात आणि १९४२ साली गोळीबारात गेलेल्या पाच जणांना अभिवादन करतात. सातपाटीचे पागधरे, नांदगावचे ठाकूर, मुरब्याचे चुरी, सालवडचे मोरे आणि खुद्द पालघरचे तिवारी. ही आडनावे आजही या भागात रोज कानावर पडतात. माकुणसारसारख्या खेड्यातून कामासाठी पालघरला जाणाऱ्या आम्हा लोकांना ती इतिहासाच्या पुस्तकातली वाटत नाहीत, शेजारच्या गावातली वाटतात.

हे पाच जण कुठे निघाले होते, हे मात्र आपण फारसे लक्षात घेत नाही. त्यांचा मोर्चा तालुक्याच्या कचेरीवर निघाला होता. लंडन कुणी पाहिले नव्हते, दिल्लीही थोड्यांनीच पाहिली असेल. कचेरी मात्र प्रत्येकाने पाहिलेली होती. शेतसारा तिथे, जप्ती तिथे, साहेब तिथे. साध्या माणसासाठी परकी सत्ता म्हणजे ती कचेरी आणि तिच्या बाहेर हात जोडून ताटकळणे. म्हणून ‘चले जाव’ची हाक आली तेव्हा लोक तिच्याकडेच चालत गेले. त्यांना कचेरी मोडायची हौस नव्हती, ती आपली हवी होती.

ती हाक दिली गेली मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर, ८ ऑगस्ट १९४२ रोजी. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते मौलाना अबुल कलाम आझाद. ‘क्विट इंडिया’ हे शब्द ज्यांच्या नावावर सांगितले जातात ते युसुफ मेहेरअली त्याच साली मुंबईचे महापौर होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच मौलानांना अटक झाली आणि पुढे त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. ते कैदेत असताना १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचे कलकत्त्यात निधन झाले. मौलानांना त्यांची शेवटची भेट मिळाली नाही. त्याआधी अकरा-बारा वर्षे, १२ जानेवारी १९३१ रोजी, येरवडा तुरुंगात सोलापूरचे कुर्बान हुसेन हे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर फासावर गेले होते. चौघांचा गुन्हा एक, शिक्षा एक आणि सकाळही एकच.

ही नावे आपल्या घरांत दर ऑगस्टला घेतली जातात. मोबाइलवर फोटोंसह फिरतात. ती घ्यावीतच. पण वाचकहो, आपण ती कधी घेतो, हेही एकदा तपासून पाहू या. कुणी आपल्या देशप्रेमावर शंका घेतली की आपण घाईघाईने ही यादी पुढे करतो, जणू ती एखादी पावती आहे. शंका घेणाऱ्याचे त्याने समाधान होत नाही, आणि त्या माणसांचे मोठेपण उगाच लहान होते. कुर्बान हुसेन फासावर गेले ते पुढच्या पिढ्यांना दाखला मिळावा म्हणून नव्हे. आजोबांनी खणलेल्या विहिरीचे पाणी आपण पीत आहोत. विहीर आमच्या आजोबांची, असे सांगत फिरण्यापेक्षा तिच्यातला गाळ काढणे हे नातवाचे काम आहे.

गाळ कशाला म्हणायचे, हे समजून घ्यायचे तर आमच्याच जिल्ह्यातली आणखी एक गोष्ट आठवावी लागेल. डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यातल्या वारली आदिवासींसाठी १९४५ साली गुलामी म्हणजे इंग्रज नव्हता. त्यांच्यासाठी गुलामी होती ती वेठ. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज काढायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबायचे, अशी पद्धत होती. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या मदतीने वारल्यांनी वेठ नाकारली. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड आणि इतर काही जण मारले गेले. गोदावरीबाईंनी ही सारी हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

म्हणजे एकाच जिल्ह्यात, तीन वर्षांच्या अंतराने, दोन मागण्या उभ्या राहिल्या. सातपाटी-मुरब्याच्या माणसाने कचेरीवर आपला झेंडा मागितला. तलासरीच्या वारल्याने आपल्या अंगमेहनतीवर आपला हक्क मागितला. झेंडा बदलला आणि वेठ तशीच राहिली असती, तर त्या वारल्याला कोणी काय सांगितले असते? आझादी मोजायची ती सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसापासून, हे आम्हाला या गोष्टीतून उमगते.

घरातली सर्वांत खालची पायरी कोणाची असते? बहुतेक वेळा बाईची. देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला एकाच दिवशी, एकाच मापाचे मत मिळाले. पण मतदारयादी करायला माणसे दारोदार गेली तेव्हा अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की ज्या बाईला नाव नाही तिची नोंद यादीत राहणार नाही. उत्तरेतल्या राज्यांत मिळून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे त्यामुळे गळाली. निर्णय कठोर होता, पण त्याचा अर्थ सरळ होता. या देशात नागरिक ही स्वतःच्या नावाने उभी राहते, कुणाच्या तरी मागे नाही.

आपल्या घरांत आजही कितीतरी खाला, फुफी, दादी केवळ ‘बब्बूची अम्मी’ म्हणून ओळखल्या जातात. त्यांची कागदपत्रे काढून पाहा. रेशन कार्डावर ‘फातमा’, आधारवर ‘फातिमा बी’, मतदारयादीत ‘फातिमाबाई’. माहेरचे आडनाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. मुलाचे ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण, कुठे अर्धे. काम अडेपर्यंत याकडे कुणी पाहत नाही. मग शिष्यवृत्ती अडते, वारस नोंद अडते, पेन्शन अडते. आणि कागदाच्या नुसत्या चर्चेनेही घरातल्या म्हाताऱ्या माणसांची झोप उडते. भीती बाळगत बसण्यापेक्षा एक रविवार द्यावा, घरातल्या प्रत्येकाचे कागद एका पिशवीत गोळा करावेत, नावे जुळवावीत आणि दुरुस्तीचे अर्ज भरावेत. देशावरच्या प्रेमाचा हा मोठा भाग आहे, असे आम्ही म्हणू. या देशाच्या वहीत आपले नाव नीट लिहिलेले असावे, ही इच्छा देशाला आपला मानणाऱ्यालाच होते.

आता पुन्हा कचेरीकडे येऊ. पाच जणांनी जीव दिला त्या कचेरीच्या पायरीवर आज आपण कसे उभे राहतो? बरेचदा तसेच, हात जोडून. ‘साहेब जेवायला गेलेत’, ‘उद्या या’, ‘ओळखीचे कोणी आहे का?’ ही वाक्ये आपल्याला पाठ आहेत. काम होण्यासाठी आपण आधी एजंट शोधतो आणि कायदा नंतर आठवतो. कायदा मात्र आपल्या बाजूला आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही दहा रुपये लागत नाहीत. २०१५ साली महाराष्ट्राने लोकसेवा हक्क कायदा केला. त्यात कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा, हे ठरवून कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. मुदतीत काम झाले नाही तर अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. भिंतीवरचा तो फलक वाचायला कुणाची ओळख लागत नाही.

मागणे म्हणजे देशाविरुद्ध बोलणे, असे काहींना वाटते. आमच्या भागाकडे पाहावे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, देशातले पहिले. पुढे त्याच्या नव्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. घर, अंगण, विहीर, किनारा सोडून ती माणसे दुसरीकडे गेली. देशाला वीज हवी होती म्हणून त्यांनी जे दिले ते आपल्यापैकी थोड्यांनीच दिले असेल. मग पुनर्वसन नीट व्हावे म्हणून तीच माणसे न्यायालयात गेली. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडी आणि समुद्र नासतो, म्हणून मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादाचा दरवाजा ठोठावला. वाढवण बंदराच्या पायाभरणीसाठी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान पालघरला आले. त्या बंदरामुळे कुणाला रोजगाराची आशा वाटते, तर कुणाला मासेमारीची चिंता. दोघांनाही आपले म्हणणे मांडता आले पाहिजे. ज्याने दिले त्याला विचारता येते, आणि ज्याला निर्भयपणे विचारता येते तो स्वतंत्र.

आपल्या दीनमध्ये अमानत या शब्दाला मोठे वजन आहे. आपल्याकडे सोपवलेली वस्तू जशीच्या तशी परत द्यायची असते. स्वातंत्र्य आपल्याला तसेच सोपवले गेले आहे. मत हीसुद्धा अमानत. गावच्या नळाचे पाणी, शाळेची खोली, दफनभूमीचे कुंपण, वारलीपाड्याचा रस्ता, हेही त्यात आले. आपल्या मोहल्ल्याची गटार साफ झाली आणि पलीकडच्या पाड्यावर अंधार राहिला, तर अमानत अर्धीच सांभाळली.

हे सारे बोलायची जागा कायद्यानेच दिली आहे, ती म्हणजे ग्रामसभा. वर्षातून अनेकदा ती भरते, त्यातली एक ऑगस्टमध्ये. सभा चालायला गावातल्या पंधरा टक्के मतदारांची किंवा शंभर जणांची, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढ्यांची हजेरी लागते. तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. प्रत्यक्षात काय होते? झेंडावंदनाला मैदान भरते, मुले जिलेबी खातात, फोटो निघतात आणि सभेच्या वेळी खुर्च्या रिकाम्या. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीचीही अट नाही. मग मोजकी डोकी गावाचा पैसा कुठे जाणार ते ठरवतात. आपण घरी बसून म्हणतो, आपले कोण ऐकतो!

या वर्षी एवढे करू या. झेंड्याला सलाम केल्यावर ग्रामसभेला थांबू. महिलांच्या सभेला घरातल्या बायांना पाठवू, आणि त्या परतल्यावर काय बोलल्या ते विचारू. मुलांना ती पाच आडनावे आणि जेठ्या गांगडचे नाव सांगू. आणि एखाद्या दाखल्यासाठी कचेरीत जाताना मुलालाही सोबत नेऊ. त्याने आपल्या अब्बाला खिडकीपाशी पाहावे. तिथे अब्बाने एजंटकडे न पाहता, आवाज न चढवता आणि मान न झुकवता एवढेच विचारावे, “साहेब, फलकावर पंधरा दिवस लिहिले आहेत. आज सोळावा दिवस आहे.”