नाव एकच, ताकद वेगळी: गटासाठी लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप?



गटाच्या आणि ग्रामसंघाच्या बैठकांत सध्या एक विषय सारखा निघतो. कॉम्प्युटर घ्यायचा आहे, मग लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप? दुकानात विचारलं तर उत्तर येतं, "ताई, दोन्हीत आय-फाईव्हच आहे, काम सारखंच." हे अर्धंच खरं आहे. दर महिन्याला शंभर-शंभर रुपये बाजूला टाकून जमलेला हा पैसा आहे. तो खर्च करण्याआधी उरलेलं अर्धं आज समजून घेऊ.

प्रोसेसर म्हणजे यंत्राच्या आतला बोटभर रुंदीचा चौकोनी भाग. बेरीज असो, फोटो असो की व्हिडिओ, सगळं काम तो करतो. त्याच्या आत काम करणारे हात असतात, त्यांना कोअर म्हणतात. आय-थ्री, आय-फाईव्ह, आय-सेव्हन ही त्याच्या दर्जाची नावं. पण लॅपटॉपचा आय-फाईव्ह वेगळा आणि डेस्कटॉपचा वेगळा.

घरचा मिक्सर आणि मिरची कांडपाचं मशीन डोळ्यांसमोर आणा. वाटीभर मसाला वाटायचा असेल तर मिक्सर अगदी झटपट वाटतो, त्यासाठी कोणी कांडप मशीन सुरू करत नाही. पण त्याच मिक्सरवर पाच किलो मिरची काढायला बसलं, तर तो तापतो, थांबवावा लागतो, निवू द्यावा लागतो. कांडप मशीन तेच काम एका दमात करतं. लॅपटॉप आणि डेस्कटॉपचं असंच आहे. लॅपटॉपचा प्रोसेसर बॅटरीवर चालायचा असतो आणि पातळ डब्यात बसायचा असतो. म्हणून तो कमी वीज खाणारा बनवतात. डेस्कटॉपच्या पेटीत हवा खेळायला जागा असते, पंखा मोठा असतो, म्हणून तिथला प्रोसेसर जास्त वीज घेऊन बराच वेळ जोरात चालू शकतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. २०२२ साली इंटेल कंपनीचे दोन प्रोसेसर बाजारात आले. लॅपटॉपसाठी आय५-१२३५यू आणि डेस्कटॉपसाठी आय५-१२४००. पहिल्यात १० कोअर आहेत, दुसऱ्यात ६. आकडा बघून कोणालाही वाटेल की लॅपटॉपचाच बरा. पण त्या १० पैकी मोठे कोअर फक्त २ आहेत, बाकीचे ८ लहान, वीज वाचवणारे. डेस्कटॉपचे सहाही मोठे आहेत. लॅपटॉपचा हा प्रोसेसर सलग कामासाठी १५ वॅट धरून बनवला आहे, डेस्कटॉपचा ६५ वॅट. लॅपटॉपचा प्रोसेसर थोडा वेळ ५५ वॅटपर्यंत उडी मारतो, म्हणून फाईल उघडताना तो चपळ वाटतो. काम लांबलं की तापतो आणि आपोआप वेग कमी करतो. तो बिघडलेला नसतो, स्वतःला जपत असतो.

मग आपल्या कामांना कोणता लागतो? एकेक काम पाहू.

हिशेब, बचत-कर्जाच्या नोंदी, ऑनलाइन अर्ज, बँकेचं काम: इथे दोन्ही सारखेच. प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो. अर्ज भरताना चाक फिरत राहतं ते सहसा नेटमुळे. या कामासाठी आय-थ्रीसुद्धा पुरतो, आय-सेव्हनला पैसे घालू नयेत.

ऑनलाइन बैठक आणि प्रशिक्षण: साधा यू वर्गातला आय-थ्री पुरतो. लॅपटॉपला कॅमेरा, माईक, स्पीकर आतच असतात, डेस्कटॉपला ते वेगळे घ्यावे लागतात. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र सेलेरॉन एन४०२० सारखा दोनच कोअरचा प्रोसेसर असतो. बैठक चालू ठेवून त्यावर एक्सेल उघडलं की तो धापा टाकतो.

पापड, लोणची, मसाल्याची लेबलं आणि फोटो: दोन्हींवर होतात. आपल्या रेडिओचं ध्वनिमुद्रण कापणं-जोडणंही लॅपटॉपवर आरामात होतं, शिवाय तो शेतावर, बाजारात नेता येतो.

व्हिडिओ तयार करणं: इथे फरक डोळ्यांना दिसतो. दोन मिनिटांची छोटी फीत असेल तर लॅपटॉप चालतो. अर्ध्या तासाचा कार्यक्रम जोडून पूर्ण फाईल बनवायची असेल तर प्रोसेसरला बराच वेळ पूर्ण ताकद लावावी लागते आणि डेस्कटॉप स्पष्ट पुढे जातो. हे काम रोजचं असेल तर डेस्कटॉप घ्या. वर्षातून दोनदाच असेल तर त्यासाठी सगळी निवड बदलू नका.

नावाच्या शेवटचं अक्षर नीट वाचा. यू असेल तर कमी विजेचा लॅपटॉप. एच असेल तर जोरदार लॅपटॉप, पण तो जास्त तापतो आणि बॅटरी लवकर संपवतो. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर एफ असेल तर सावध राहा: त्याला स्क्रीनवर चित्र दाखवायला वेगळं ग्राफिक्स कार्ड विकत घ्यावं लागतं. नव्या मालावर आय हे अक्षर नसतं, नुसतं कोअर-५ किंवा कोअर अल्ट्रा-५ लिहितात, तरी शेवटचं अक्षर वाचायची सवय ठेवा. स्क्रीनमध्येच सगळं बसवलेला ऑल-इन-वन कॉम्प्युटर दिसतो डेस्कटॉपसारखा, पण त्यात पुष्कळदा लॅपटॉपचाच प्रोसेसर असतो.

जुना माल घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. लॅपटॉपच्या आय७-७५००यू मध्ये २ कोअर आहेत आणि डेस्कटॉपच्या आय५-७४०० मध्ये ४. म्हणजे सेव्हन लिहिलेला प्रोसेसर सलग कामात फाईव्हच्या मागे पडतो. हे दोन्ही सातव्या पिढीचे आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच रीतसर चालतं. त्यामुळे कितीही स्वस्त मिळाला तरी इतका जुना घेऊ नये.

कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून दर वेळी प्रोसेसरला दोष देऊ नका. तुमच्याकडे आधीच एखादा असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. काम चालू असताना मेमरी भरलेली दिसली तर रॅम कमी आहे. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकली असेल आणि ती जुन्या फिरत्या तबकडीची असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवा. सीपीयू सतत शंभरवर असेल तरच प्रोसेसर अपुरा पडतोय. नवा घेतानाही आय-सेव्हनपेक्षा ८ जीबी रॅम आणि एसएसडी आधी मागा.

विजेचा विचारही करा. स्क्रीन धरून डेस्कटॉपला १०० वॅट धरले तर १० तासांत १ युनिट जातं. लॅपटॉपला ४० वॅट धरले तर तेच १ युनिट २५ तास पुरतं. भारनियमनाच्या गावात लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. डेस्कटॉपला यूपीएस घ्यावा लागतो आणि साधा यूपीएस काम जतन करून बंद करण्यापुरताच वेळ देतो. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवरच्या कपड्यावर ठेवू नका. हवेची जाळी बंद होते आणि वेग पडतो, उन्हाळ्यात तर जास्तच.

आणि शेवटचा प्रश्न, यंत्र कोणाच्या हाती राहणार? लॅपटॉप सचिवताईंच्या घरी गेला तर बाकीच्या नऊजणी शिकणार कधी? डेस्कटॉप कार्यालयात जागेवर राहतो, मुलीबाळींनाही शिकता येतं. हिशेबनीस ताईंना गावोगाव फिरावं लागत असेल तर मात्र लॅपटॉपच हवा. तसा असेल तर तो कोणाकडे, किती दिवस, याची वही ठेवा.

येत्या बैठकीत आधी आपली कामं कागदावर लिहा: रोजची कोणती, क्वचितची कोणती. मग किमान दोन दुकानांतून दरपत्रक घ्या. त्यावर नुसतं "आय-फाईव्ह" नको. प्रोसेसरचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरासकट, रॅम, एसएसडी आणि वॉरंटी लिहून मागा. ते दरपत्रक सगळ्यांसमोर वाचा, मग ठराव करा. पूर्ण नाव लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.