बाहुलीचा रंग कोणता, नाव काय?



पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांपुढे किती गर्दी असते, हे मावळातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. त्या गर्दीतल्या लेकरांसाठी कापडी बाहुल्या शिवाव्यात, असं आमच्या गटांच्या बैठकीत वरचेवर निघतं. शिलाई मशीन आहे, साड्यांचे तुकडे आहेत. अडतं ते एकाच ठिकाणी: बाहुली कुणाची करायची? दुकानदार म्हणतात, टीव्हीवरचा छोटा भीम करा, हातोहात जाईल.

इथे जरा थांबायचं. महाभारतातला भीम कुणा एकाच्या मालकीचा नाही. पण केशरी धोतरातला, लाडू खाणारा तो कार्टूनमधला पोरगा, त्याचा चेहरा, त्याचं नाव, हे कंपनीचं आहे. आपल्या पुस्तकांतल्या पोरांचंही तसंच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपल्याच जिल्ह्यातल्या फुरसुंगीचा, म्हणून तो आपल्याला घरचाच वाटतो. भागवत २००१ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लिखाणाचा हक्क वारसांकडे किंवा ज्यांना तो दिला असेल त्यांच्याकडे राहतो. नातवाला हौसेनं एक फेणे शिवून दिला तर कुणी विचारणार नाही. पन्नास शिवून दुकानात ठेवले की तो धंदा झाला, आणि धंद्याला परवानगी लागते. गटाचं कर्ज उचलून आणलेलं कापड अशा मालात अडकवायचं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आमचं मत नाही असंच आहे.

मग कुणाला घ्यायचं? चिऊ, काऊ, लेकीकडे निघालेली म्हातारी आणि तिचा भोपळा, जुन्या लाकडी बाहुलीतली ठकी. ही सगळ्यांची आहेत, त्यांना नव्यानं घडवायला मोकळीक आहे. फक्त कुठल्या पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं उचलू नका, ते त्या चित्रकाराचं असतं.

रंग कसा ठरवायचा, हे सावंतवाडीच्या गंजिफाकडे बघून शिकण्यासारखं आहे. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, असे १२० पत्ते. पत्त्याच्या जमिनीचा रंग पाहिला की अवतार कळतो, शिवाय खूण असते: मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. ही कला संपत आली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. आपल्यालाही तेच करता येईल. एका पात्राला एक मुख्य रंग आणि एक खूण, म्हातारीला काठी तर काऊला पिसाचा तुरा. बाहुली कुणाच्याही घरी शिवली तरी छटा तीच यायला हवी, म्हणून कापडाचे नमुने गटाच्या वहीत चिकटवून ठेवायचे.

आता जरा नाजूक विषय. बाहुलीच्या तोंडाला कापड निवडताना सगळ्यांचा हात आपोआप गोऱ्या रंगाकडे जातो. गडद कापड घेतलं की कुणीतरी म्हणतंच, ही तर नजर लागू नये म्हणून टांगायची काळी बाहुली दिसते! आणि गोष्टीतला लबाड कोण, तर काळा. उन्हात भात लावणाऱ्या आपण, आपल्या लेकी सावळ्या, आणि त्यांच्या हातात द्यायची बाहुली मात्र गोरीपान? ठकीचा रंग गडद तपकिरी ठेवा, अंगात हिरवं-जांभळं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि ओठ हसरे. टांगायच्या बाहुलीला असा चेहरा आणि असे कपडे नसतात, त्यामुळे गिऱ्हाईक गोंधळत नाही. काऊ काळाच राहणार, पण त्याला शहाणा करायला कुणी अडवलंय?

घरचे रंग वापरणार असाल तर हळदीपासून सांभाळून. ती उन्हात उडते, आणि साबण लागला की पिवळी चिऊ लालसर होते! हिरडा आणि लोखंडाचा गंज यांतून काळा चांगला धरतो, कातातून तपकिरी. रंग कुठलाही असो, ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. फडक्याला लागला तर तो तुकडा बाहुलीला नको, पोरं सगळं तोंडात घालतात. डोळ्यांना बटण लावू नका, दोऱ्यानंच भरा.

नाव दोन-तीन अक्षरांचं बरं. मुंबईहून आलेल्या, मराठी न बोलणाऱ्या पोरालाही ‘ठकी’ म्हणता येतं. आडनाव लावू नका, त्यातून जात निघते. गावातल्या कुणाचं नाव तर मुळीच नको, चेष्टा होते आणि मग भांडणं. नाव ठरलं की सगळ्या चिठ्ठ्यांवर एकसारखंच लिहा, एकीवर ‘काऊ’ आणि दुसरीवर ‘काऊदादा’ असं नको.

एक कागदाचं काम राहिलं. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. तेव्हा शिवणाऱ्या प्रत्येकीनं कारागीर ओळखपत्रासाठी अर्ज करायचा, आणि दुकानदाराला माल देण्याआधी ही सूट त्याच्यामार्फत विकलेल्या मालाला लागू होते का, हे त्याच कार्यालयात विचारून घ्यायचं.